पेठे सरांचं गेटवरचं इंग्रजी

पेठे सरांचं ठाम मत होतं, की माणूस मराठीत प्रामाणिक असला तर त्याला भिवंडीच्या गोदामावर राखणीला पाठवतात आणि इंग्रजीत प्रामाणिक असला तर ठाण्यातल्या कोलशेतच्या टॉवरवर. हे मत ते कुणी विचारलं नसतानाही ऐकवायचे. वाईट एवढंच, की ते खरं होतं. बाकी सरांची बरीचशी मतं खरी नव्हती, पण ती ते याच आवाजात सांगत, त्यामुळे ऐकणाऱ्याला फरक कळत नसे.

आमची गाठ पडली ती विठ्ठलवाडीला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या एका हॉलमध्ये. एका सिक्युरिटी एजन्सीनं तिथे वॉचमन तयार करायचा वर्ग काढला होता. मालकांनी जाहिरातीत लिहिलं होतं, नोकरीचं ट्रेनिंग आणि स्पोकन इंग्लिश एकाच ठिकाणी. मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर जन्म काढलेला माणूस. मला गेट, रजिस्टर, गाड्यांची तपासणी आणि आग विझवणं शिकवायला ठेवलं, आणि सरांना इंग्रजी शिकवायला. ठरलं होतं की सकाळी माझा तास आणि दुपारी सरांचा. पहिल्याच दिवशी मी हॉलवर पोचलो तर सर डोक्यावर वॉचमनची टोपी घालून फळ्यासमोर उभे. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा फुलशर्ट, खिशाला दोन पेनं आणि वर ती टोपी. मला म्हणाले, "मिस्टर घाग, आपण दोघं एकत्र शिकवणार आहोत. इंग्रजी वेगळं शिकवलं की ते वहीत राहतं. कामात मिसळून शिकवलं की तोंडात राहतं."

हे बोलणं शहाणपणाचं होतं, हे मी आजही मान्य करीन. सरांची अडचण अशी की त्यांना शहाणपण सुचलं की ते त्याचा पार चोथा करेपर्यंत सोडत नसत. वर्गात पाय ठेवला की मराठी बंद, हा त्यांचा पहिला नियम. वस्तूचं इंग्रजी नाव आणि ती घेण्याचं पूर्ण वाक्य म्हटल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही, हा दुसरा. पोरांना तहान लागली तरी वाक्य जुळेपर्यंत माठाजवळ जायला बंदी. एकदा एक जण वाक्य जुळवता जुळवता उठून सरळ खाली गिरणीत गेला आणि तिथे मराठीत पाणी पिऊन आला. सरांनी त्याला तासभर उभं केलं.

माझा आग विझवण्याचा धडा याच नियमानं बाद झाला. गच्चीवर पत्र्याच्या डब्यात तेलाच्या चिंध्या पेटवल्या होत्या. सिलिंडर हातात घ्यायचा, पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची आणि दाबायचं, एवढं साधं काम. पण सरांनी प्रत्येक पायरीला एक वाक्य लावलेलं. पहिल्या उमेदवारानं आधी मला गुड मॉर्निंग केलं, मग आग लागली आहे असं इंग्रजीत जाहीर केलं, मग सिलिंडर घेण्याची परवानगी मागितली. पिनच्या वाक्यात तो अडकला. सर शेजारी उभे राहून बोटांनी ताल धरत त्याला आठवण करून देत होते. तेवढ्यात चिंध्या जळून आग आपोआप विझली. सर टाळी वाजवून म्हणाले, "एक्सलंट. पॅनिक झाला नाही."

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, की सर, आग काय वाक्य संपायची वाट बघणार आहे का? त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, "आग कुठल्याही भाषेत लागू दे, मिस्टर घाग. विझवणाऱ्याला नोकरी इंग्रजीत मिळते." मी दुसरा डबा पेटवायला गेलो.

सरांच्या या हट्टामागे एक घाव होता, तो त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितला. डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. मग तुकड्या ओस पडायला लागल्या आणि संस्थेनं त्याच इमारतीत इंग्रजी माध्यम सुरू केलं. सरांना वाटलं, आता खरी आपली गरज. संस्थेनं त्यांना निरोपाचा नारळ दिला आणि बाहेरून नवीन मुली शिकवायला आणल्या. मराठी शाळेत इंग्रजी शिकवणारा मास्तर इंग्रजी शाळेत चालत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. हे सांगून सर बशीतला चहा फुंकत राहिले. मला त्यांचं वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या गाडी तपासणीच्या तासात घुसून डिकी उघडायचं वाक्य अर्धा तास घोकून घेतलं, तेव्हा ते वाईट वाटणं बरंच ओसरलं.

त्यांची खरी हौस म्हणजे नाटकं. सर त्यांना सिच्युएशन म्हणत. हॉलच्या दारात दोन बाकं आडवी लावून गेट करायचं, एका उमेदवारानं वॉचमन व्हायचं आणि येणारे जाणारे सगळे सर स्वतः. कुत्रा घेऊन येणाऱ्या बाईसाहेब, किल्ली विसरलेले आजोबा, नशेत घरी परतणारे साहेब. त्यातला नशेतला साहेब ते इतक्या आवडीनं करत की एकदा खालच्या गिरणीवाला चौकशीला वर आला. टॉवरमध्ये राहणारा माणूस सरांनी जवळून पाहिलेला नव्हता. त्यांचे सगळे रहिवासी जुन्या पाठ्यपुस्तकांतून आलेले होते. ते टोपी काढून नमस्कार करत, पोस्टमनची चौकशी करत आणि दुपारी चहाला चला म्हणत. इंग्रजीत बोलणारा माणूस सुरुवात हवामानापासून करतो, हे सरांनी पोरांच्या डोक्यात इतकं भिनवलं, की पुढे कोलशेतच्या एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार आली, गेटवरचे वॉचमन लिफ्टपर्यंत मागे येऊन आज उकाडा फार आहे असं सांगतात.

सरांना सगळ्यात जास्त अभिमान होता तो चिडलेल्या पाहुण्याच्या सिच्युएशनचा. पाहुणा चिडला की आपण घाबरायचं नाही, आवाज चढवायचा नाही, वाक्य बदलायचं नाही. तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, अधिक सावकाश. सर स्वतः चिडलेला पाहुणा होऊन बाकं बडवत आणि समोरचा बिचारा तेच वाक्य अधिकाधिक सावकाश म्हणत राही. मी गेटवर इतकी वर्षं काढली, मला एवढंच माहीत होतं की चिडलेल्या माणसाला आधी बसायला खुर्ची द्यावी. पण खुर्चीचं वाक्य सरांच्या धड्यात नव्हतं.

या वर्गात शिवराम मोरे होता. वय चाळिशीच्या पुढे, उंची सहा फुटांच्या वर, मूळ गाव साताऱ्याकडचं. डोंबिवलीतल्या रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होता, ती बंद पडली. पोरांच्या मध्ये तो बाकावर गुडघे आखडून बसायचा. त्याची गोष्ट मला माहीत होती, कारण सर नसले की माझ्या तासाला गच्चीवर मराठी चालायचं. वडिलांना अर्धांगवायू झालेला, माणूस अंगानं दांडगा, रात्री दर थोड्या वेळानं त्यांची कूस बदलावी लागे. बायकोला ते उचलणं जमत नसे. त्यामुळे मोरेला रात्रीची ड्युटी चालणार नव्हती, आणि त्याच्या वयाच्या माणसाला एजन्सी गोदामावरची रात्रपाळीच द्यायची. दिवसाची ड्युटी फक्त टॉवरच्या गेटवर, आणि तिथे इंग्रजी हवं. म्हणून हा माणूस पोरांबरोबर बसून हवामानाची वाक्यं पाठ करत होता.

कोलशेतच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये मुलाखती झाल्या. सर रात्रभर झोपले नव्हते म्हणे. तिथला मॅनेजर परब नावाचा तिशीतला मुलगा, तो सगळ्यांशी हिंदीत बोलला. शेवटी मोरेकडे वर बघून त्यानं एक प्रश्न इंग्रजीत विचारला, की तुम्ही आधी कुठे काम करत होता. हा प्रश्न सरांच्या कुठल्याच सिच्युएशनमध्ये नव्हता. मोरेनं छाती पुढे काढून आज हवा छान असल्याचं सांगितलं. परब हसला आणि त्यानं त्याला मेन गेटसाठी घेतलं. मागाहून मला म्हणाला, "काका, एवढा उंच माणूस गेटवर उभा राहिला तरी पुरे. बोलायला कशाला पाहिजे?" सरांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी आठवडाभर भेटेल त्याला मोरेच्या इंग्रजीचं कौतुक ऐकवलं.

मोरेला दिवसाची ड्युटी लागली आणि महिन्याभरातच ती जायची वेळ आली.

ज्या जमिनीवर तो कॉम्प्लेक्स उभा आहे ती पूर्वी काशीशेठ पाटलांच्या वडिलांची भातशेती. जमीन गेली, बदल्यात पैसा आला आणि टॉवरमध्ये फ्लॅटही आले. शेठ स्वतः मागच्या बाजूला बंगल्यात राहतात, फ्लॅट भाड्यानं दिलेत. कॉम्प्लेक्सला पाण्याचे टँकर त्यांचेच. संध्याकाळी मासळी घेऊन येताना ते जुन्या स्कूटरवरून मेन गेटातूनच शिरायचे, अंगात बनियन आणि खाली हाफपँट. आधीचे वॉचमन त्यांना सलाम ठोकायचे. मोरे नवा. त्यानं स्कूटर थांबवली, सलाम केला, आज फार दमट आहे असं इंग्रजीत सांगितलं आणि आपल्याला कोणाकडे जायचं आहे असं विचारलं. शेठ चिडले. मोरेनं शिकवल्याप्रमाणे तेच वाक्य सावकाश म्हटलं. शेठ ओरडले. मोरेनं आणखी सावकाश म्हटलं. मागे गाड्यांची रांग लागली, बाल्कन्यांत माणसं आली. असं बराच वेळ चाललं आणि मोरेचं इंग्रजी एकदाही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी परबचा फोन आला, की मोरेला परत घेऊन जा, नाहीतर शेठ टँकर बंद करतील. मोरे माझ्यासमोर टोपी हातात घेऊन उभा होता. एजन्सीच्या मालकांनी लगेच भिवंडीची रात्रपाळी सुचवली.

सर म्हणाले, मी जातो शेठकडे. मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, आता तरी हा माणूस सरळ मराठीत दिलगिरी व्यक्त करेल, शिकवलं मी आणि चूक माझी म्हणेल, आणि विषय संपेल. आम्ही कोलशेतला बंगल्यावर गेलो. शेठ ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मी वर्गातल्या धड्याची आणि गेटवरची हकिकत तेवढी सांगितली. शेठ ऐकून घेऊन म्हणाले, "मास्तर, तो वाईट नाय बोलला. चांगला बोलला, तोच वांदा झाला. माजे भाडेकरू वरशी बघत व्हते. मना उत्तर देता नाय आला. बापाचे जागेव उबा व्हतो नि तोंडाशी शब्द नाय निंगला."

मला त्या म्हाताऱ्याचं बोलणं लागलं. कुणालाही लागलं असतं. पण मी सरांकडे बघितलं तर त्यांचे डोळे चमकत होते. ते खुर्चीच्या कडेला सरकून म्हणाले, "म्हणजे आपल्याला या सिच्युएशनची दुसरी बाजू शिकवली पाहिजे. माझ्या धड्यात ती राहूनच गेली होती."

मी कपाळाला हात लावला. पण शेठना ते पटलं.

मग पुढच्या रविवारी मोरेला युनिफॉर्म घालून बंगल्यावर बोलावलं. कंपाउंडच्या फाटकात तो उभा, शेठ स्कूटरवर, आणि दोघांच्या मध्ये पेठे सर टोपी घालून. गॅलरीत शेठांचं सगळं घर जमलेलं. मोरे विचारायचा, शेठ अडखळायचे, सर थांबवून पुन्हा घ्यायचे. शेठ स्कूटर मागे नेऊन पुन्हा आत यायचे. शेवटी त्यांना एकदाचं जमलं, "आय लिव्ह हिअर. धिस इज माय लँड. ओपन द गेट." गॅलरीतून टाळ्या पडल्या. शेठ इतके खूश झाले की त्यांनी स्वतः परबला फोन लावला. मोरेची ड्युटी राहिली. शेठनी एकच अट घातली, "उद्यापासना रोज इचारायचा."

आणि ते रोज सुरू झालं. संध्याकाळी शेठ गेटवर यायचे, मोरेनं त्यांना थांबवून कोणाकडे जायचं आहे विचारायचं आणि शेठनी सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला गेट उघडायला फर्मावायचं. कधी मागच्या सीटवर पाहुणे असायचे, त्यांना दाखवायला दोनदा व्हायचं. पुढे शेठ सरांकडून आणखी वाक्यं शिकून आले. यू आर लेट, स्टँड स्ट्रेट. सहा फुटांचा माणूस त्या बनियनवाल्या म्हाताऱ्यासमोर यस सर म्हणत ताठ उभा राहायचा आणि भोवतालची पोरं मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढायची.

मी मोरेला विचारलं, हे कसं सहन करतोस. तो म्हणाला, "घागसायेब, रातच्याला बापाची कूस बदलायला मी घरात असतो. मग दिवसा कुनी कायबी बोलू दे की."

सरांना मी खूप बोललो. म्हटलं, तुम्ही माणसाची नोकरी वाचवली का तमाशा लावून दिला? सर खरोखर गोंधळले. त्यांना माझा मुद्दाच कळला नाही. म्हणाले, "पण मिस्टर घाग, दोघंही पास झाले." त्या दिवशी सरांचा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

त्यानंतर गेटांवर मोबाइल आला. येणाऱ्याचा फोटो काढायचा, फ्लॅट नंबर टाकायचा, वर फ्लॅटमधून मंजुरी आली की गेटचा आडवा दांडा वर करायचा. रहिवाशांच्या गाड्यांना तर दांडा आपोआप उघडतो. हे शिकवायला एक दुपार पुरते आणि त्यात कुणाला तोंड उघडावं लागत नाही. मालकांनी इंग्रजीचा वर्ग बंद केला आणि हॉल मंडपवाल्याला भाड्यानं दिला. सरांना पुन्हा एकदा नारळ मिळाला, या वेळी नुसता तोंडी. ते म्हणाले, ही तात्पुरती लाट आहे, मोबाइलची बॅटरी उतरते, माणसाची उतरत नाही. काशीशेठचीही पंचाईत झाली. ते गेटशी येऊन स्कूटर हळू करायचे, पण दांडा आधीच वर गेलेला असायचा आणि विचारायला कुणी नसायचं. मोरे मात्र सुटला.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच गेटवर. आता मी एजन्सीच्या राउंडवर असतो, आठवड्यातून एकदा कोलशेतला जातो. मोरेचे वडील वारले होते. दिवस करून तो नुकताच कामावर आला होता, टोपीखाली डोकं भादरलेलं. मी केबिनमध्ये हजेरी बघत होतो तेव्हा रस्त्यापलीकडे बसमधून सर उतरले. बरेच वाळले होते, पण शर्टाची इस्त्री तीच. रस्ता ओलांडताना त्यांचे ओठ हलत होते. मी ओळखलं, सांत्वनाची वाक्यं घोळवत येताहेत. आता मोरेला वडिलांचं दुःखही इंग्रजीत ऐकावं लागणार, असं मनात येऊन मी केबिनच्या दारात आलो.

मोरेनं त्यांना बघून सलाम केला. सर दांड्यापाशी येऊन उभे राहिले आणि आत यायची वाट बघू लागले. मोरे हातातल्या मोबाइलकडे बघत राहिला, मग कानकोंडा होऊन म्हणाला, "सर, यात फ्लॅट नंबर टाकावा लागतो. माझ्याकडं यायची यात सोय न्हाई."

वर कॅमेरा होता, त्यामुळे परस्पर दांडा वर करून त्याला सरांना आत घेता येत नव्हतं. सर हो हो म्हणत तिथेच थांबले. ओठ एकदा हलले, पण त्यातून इंग्रजी आलं नाही. त्यांनी मराठीतच विचारलं, "कधीपासून आजारी होते वडील?"

"तुमच्या वर्गाला येत व्हतो, त्याच्या आधीपास्नं. त्यांच्यापायीच तर दिवसाची ड्युटी पायजे व्हती."

काशीशेठच्या बंगल्यावर टोपी घालून उभं राहण्यापूर्वी सरांना हे माहीत नव्हतं, नंतरही माहीत झालं नव्हतं. "मला कधी बोलला नाहीत, मोरे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी मिस्टर नसलेलं मोरे मी पहिल्यांदाच ऐकलं.

मोरे म्हणाला, "वर्गात मराठी चालत नव्हतं ना, सर. आन् एवढं इंग्रजी मला आलं न्हाई कधी."

त्याच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. तो विचारलेल्याचं उत्तर देत होता. सरांना काहीतरी बोलायचं होतं, पण मागून गाडीचा हॉर्न वाजला. मोरे मोबाइल घेऊन ड्रायव्हरकडे धावला. सर फुटपाथवर सरकून उभे राहिले, ही गाडी गेली की बोलू अशा बेतानं. ती गेली, आणि तिच्यामागे दुसरी येऊन थांबली.